नेटहाऊसमधलं हळदीकुंकू

विषाणूवर काम करणाऱ्या माणसाला दोन भीती कायम असतात. तो सापडला नाही तर आपल्याला शोधता आला नाही ही एक, आणि सापडला तर आपल्याच हातून तो तिथे गेला की काय ही दुसरी. जवळजवळ तीस वर्षं मी या दोन भीतींवर पगार घेतला. माझा स्वभाव मुळातच घाबरट. घराला कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत गेले की परत येऊन ते ओढून बघणारी मी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, तसं झालं.

काम होतं उडदाचं. आमच्या तंजावूरच्या बाजूला भात कापलं की शेतात जी ओल उरते तिच्यावर उडीद पेरतात. नांगरट नाही, पाणी नाही, नुसतं उधळून द्यायचं. चांगलं वर्ष असलं तर ते पीक घरचा वर्षभराचा इडली-दोशाचा उडीद देऊन वर विकायलाही उरतं. वाईट वर्षी पानांवर पिवळे ठिपके येतात, ठिपक्यांचे डाग होतात, आणि बघता बघता सगळं शेत हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखं दिसायला लागतं. शेंगा धरत नाहीत. महाराष्ट्रात याला केवडा म्हणतात हे मला पुण्यात शिकायला गेल्यावर कळलं. देवनागरी वाचायलाही मी तिथेच शिकले. घरी आम्ही, तंजावूरच्या जुन्या मराठी घरांसारखं, मराठी बोलायचो आणि वाचायचो तमिळ.

हा विषाणू पांढरी माशी पसरवते. माशी म्हणजे तांदळाच्या कणीएवढी, उडाली तर राख उडाल्याचा भास व्हावा एवढीच. रोगट पानाचा रस पिऊन ती चांगल्या पानावर बसली की झालं काम. सगळ्या पुस्तकांत असंच लिहिलेलं होतं आणि मीही ते परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. पण नोकरीच्या सुरुवातीच्या काळात ओरत्तनाडूजवळच्या एका शेतात मला कोवळी रोपं दिसली. नुकतीच वर आलेली, जेमतेम पहिली पानं उघडलेली, आणि ती पानं पिवळी. आजूबाजूला एक माशी नाही. मी वाकून वाकून पाठ दुखेपर्यंत शोधलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं की हा रोग बियातूनही येतो. तसं असेल तर शेतकरी आपल्याच कणगीतलं बी ठेवून आपल्याच हातानं रोग पेरतो आहे, आणि औषधं मारत बसतो माशीवर.

मी हे पहिल्यांदा एका परिषदेत बोलले तेव्हा पुढच्या रांगेतले एक ज्येष्ठ गृहस्थ हसले. मोठ्यानं नाही, सभ्यपणे. नंतर चहाच्या वेळी म्हणाले, "मॅडम, बियात विषाणूचा डीएनए सापडणं वेगळं आणि त्या बियातून आजारी रोप येणं वेगळं. माशीशिवाय पिवळं झालेलं एक रोप दाखवा, मी टाळ्या वाजवीन." त्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

पुढची सगळी वर्षं त्या एका रोपासाठी गेली. बाकी कामं केली, नाही असं नाही. विषाणूचा डीएनए अक्षर अक्षर वाचला. सुरुवातीला एक्सरेसारख्या फिल्मवर काळ्या रेघा बघून तो हातानं उतरवायचा असायचा. मी अक्षरं मोठ्यानं वाचायची आणि मैत्रीण लिहून घ्यायची, आणि एक रेघ चुकली की पुन्हा पहिल्यापासून. आता नमुन्याची नळी कुरियरनं पाठवली की उत्तर ईमेलनं येतं. पण ते एक रोप काही मिळेना. एकदा वादळात जाळी फाटली. एकदा सगळी रोपं हिरवीगार राहिली, आणि सहकारी म्हणाले, बघा, बियातून येत नाही. एकदा उंदरांनी बीच खाल्लं.

शेवटची पेरणी या वर्षीची. वर्षाअखेर मी निवृत्त होणार होते, प्रकल्पही माझ्याबरोबरच संपणार होता, आणि नव्या विभागप्रमुखांनी नेटहाऊस टोमॅटोसाठी मागून ठेवलं होतं. बी ओरत्तनाडूच्याच एका पिवळ्या पडलेल्या शेतातलं घेतलं. त्या शेतातल्या विषाणूचा डीएनए मी आधीच वाचून ठेवला होता. त्यात एका ठिकाणी काही अक्षरं गळलेली होती, आणि अशी गळती मला दुसरीकडे कुठे दिसली नव्हती. म्हणजे रोप पिवळं झालं तर त्याच्या आतला विषाणू त्याच शेतातला की बाहेरचा, ते ओळखता आलं असतं.

नेटहाऊसचे नियम कडक होते. बारीक जाळी, दोन दारं, मध्ये एक अंधारी खोली. बाहेरचं दार पूर्ण लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. अंधाऱ्या खोलीत थांबायचं, म्हणजे अंगावर आलेली माशी उजेडाकडे उडते. पांढरा कोट घालायचा. आणि पिवळं काही घालून जायचं नाही, रुमालसुद्धा नाही, कारण पांढऱ्या माशीला पिवळ्या रंगाचं वेड असतं. माशा पकडायचे चिकट कागद पिवळेच असतात ते म्हणूनच. आई हे नियम ऐकून म्हणाली होती, "हें तर आमचें सोवळेंच कीं गे." तिचं सोवळं या वयातही असं की वाळत घातलेल्या तिच्या लुगड्याला माझा हात लागला तर ते पुन्हा बादलीत जायचं. मी तिला म्हणाले होते, हो, फक्त आमच्या सोवळ्याला देव नाही. तिला ते आवडलं नव्हतं.

आई आणि मी बसस्टँडच्या मागच्या बाजूला एका फ्लॅटमध्ये राहतो. ती ऐंशीच्या जवळ आलेली, मी लग्न न केलेली, दोघींनाही आपलंच खरं करायची सवय. रोज रात्री जेवताना ती विचारायची, "पिवळीं झालीं कां?" मी म्हणायची, नाही अजून. तिला एवढं कळलं होतं की रोपं पिवळी झाली तर तिच्या मुलीचं आयुष्यभराचं काम फळाला येणार. तिला याहून जास्त काही कळत नसावं, असा माझा समज होता.

त्या मंगळवारी मी पानांचे नमुने आणायला पापनाशमला गेले होते. शेतात वाकलेली असताना वॉचमनचा फोन आला. तो आनंदात होता. "अम्मा येऊन गेल्या मॅडम. प्रसाद ठेवून गेल्या." कुठे ठेवला, असं मी विचारलं. तो म्हणाला, आतच.

नमुने तसेच टाकून मी पहिली बस धरली. बस दर थांब्याला थांबत होती आणि मी मनात एकेक शक्यता खोडत होते. आई फक्त अंधाऱ्या खोलीपर्यंत गेली असेल. दारं नीट लावली असतील. कपडे साधे असतील. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण त्या दिवशी माझं मन वैऱ्याच्या बरंच मागे होतं.

आत गेले तर प्रत्येक ट्रेच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं होती. टेबलावर कडुलिंबाचा डहाळा, एक लिंबू, केळ्याच्या पानाच्या तुकड्यात भस्म. कोवळी रोपं शांत उभी होती, हिरवी. कोपऱ्यात मी माशांची टेहळणी म्हणून टांगलेला पिवळा चिकट कागद होता. तो कितीतरी दिवस कोरा होता. आता त्यावर तीन पांढरे ठिपके चिकटले होते. मी भिंग लावून बघितलं. भिंग लावायची गरज नव्हती.

वॉचमनकडून मग सगळं कळलं. आई पिवळं लुगडं नेसून आली होती. मारियम्मनला नवस बोलणाऱ्या बायका आमच्याकडे पिवळं नेसतात, गळ्यापर्यंत हळद लावतात. ही देवी देवीच्या रोगाची. मला लहानपणी कांजिण्या आल्या तेव्हा आईनं दाराला कडुलिंब बांधून "अम्मा आलीय" असं शेजाऱ्यांना सांगितलं होतं, आणि ही अम्मा नेमकी आमच्याच घरी कशी आली हा माझ्या डोक्यात आलेला पहिला विज्ञानाचा प्रश्न. तर आई सकाळी देवळात जाऊन, रोपं पिवळी होऊ देत असा नवस बोलून, तशीच ऑटोनं माझ्याकडे आली. मी बाहेरगावी गेलेय असं कळल्यावर नेटहाऊसशेजारच्या बांधावर बसून राहिली. त्या बांधाला लागूनच एका सहकाऱ्याची चवळी आहे, याच केवड्याच्या अभ्यासासाठी मुद्दाम रोगट ठेवलेली, पानापानाखाली माशा. तिथे ती पिवळं लुगडं नेसून बराच वेळ बसली. मग कंटाळून उठली. मॅडमच्या आईला नाही कसं म्हणणार, म्हणून वॉचमननं कुलूप काढलं. तिच्या हातात प्रसादाची थाळी होती, म्हणून त्यानं दोन्ही दारं एकदम धरून ठेवली.

मी त्याच्याकडून फक्त किल्ली मागून घेतली. बोलायला लागले असते तर थांबले नसते.

त्या रात्री आई जेवताना म्हणाली, "मी जाऊन आलें. अस्कीं रोपें बघिटलीं. किती नाजूक आहेत गे." सगळी रोपं बघून आल्याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता. मी भात कालवत बसले. सांगायचं तर कसं सांगायचं? पुन्हा जाऊ नकोस एवढंच म्हणाले. "नाही जात. एकदांच जायचें असतें," असं म्हणून ती ताक आणायला उठली.

त्यानंतरचे दिवस मी कधी विसरणार नाही. आयुष्यभर मी रोपं पिवळी व्हायची वाट पाहिली, आणि आता रोज सकाळी आत जाताना मनात म्हणायची, हिरवी राहा. हिरवीच राहा. मी माशा मारल्या, कागद बदलले, जाळीचा इंच न् इंच हातानं चाचपला. सगळी रोपं हिरवी राहिली असती तर मी हरले असते, पण सरळ हरले असते. सगळी उपटून टाकायचा विचारही केला. हात पुढे गेला आणि मागे आला, कारण आतल्या एखाद्या बियात खरंच तो असेल तर? हे शेवटचं बी होतं. झोप लागेना. लागली तर स्वप्नात पानं दिसायची आणि त्यांचा रंग काही केल्या कळायचा नाही. आणि रोज रात्री ताटावर आईचा तोच प्रश्न.

मग एका सकाळी एका पानावर सुईच्या टोकाएवढा पिवळा ठिपका दिसला. मी तिथेच स्टुलावर बसले. दोनचार दिवसांत त्या रांगेत आणखी रोपं पिवळी झाली.

विभागप्रमुख बघायला आले. वयानं लहान, माणूस चांगला. त्यांना आईचं काही माहीत नव्हतं. रोपं बघून त्यांनी खरोखर टाळी वाजवली. "मॅडम, झालं की! अभिनंदन!" म्हणाले. त्या क्षणी मी नुसती हसले असते तरी पुरे होतं. चिकट कागद मी काढून टाकले होते, हळदीकुंकू पुसलं होतं, वॉचमन कशाला बोलतोय. पण माझ्या तोंडून निघालं, "डीएनए वाचल्याशिवाय काही म्हणू नका, सर." धाडस म्हणून नाही. आयुष्यभराची कुलूप ओढून बघायची सवय, दुसरं काय.

पिवळ्या पानांतला डीएनए काढून नळ्या पाठवल्या. उत्तर यायला उशीर झाला. मी दिवसातून किती वेळा ईमेल उघडला ते सांगायला लाज वाटते. दोशाच्या पिठाचा आंबट वाससुद्धा नकोसा झाला होता. माझी खात्री होती की उत्तर वाईट असणार, आणि तरी मनाच्या तळाशी एक चिवट आशा होती की ती गळलेली अक्षरं गळलेलीच दिसतील.

ईमेल आला तेव्हा दुपार होती. दोन्ही डीएनए मी स्क्रीनवर एकाखाली एक मांडले आणि त्या जागेपर्यंत सरकत गेले. अक्षरं होती. एकही गळलेलं नव्हतं. दुसरं रोप, तिसरं, सगळ्यांत तेच. शेजारच्या चवळीतल्या विषाणूशी लावून बघितलं तर हुबेहूब जुळलं. माशीनं आणलेला रोग. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

मला रडू आलं नाही. खूप थकवा आला. ओरत्तनाडूच्या शेतातली ती पिवळी पानं डोळ्यांपुढे आली. ती मी पाहिली होती, आजही म्हणते की पाहिली होती. पण पाहिलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, आणि आता सिद्ध करायला माझ्याकडे ना बी होतं ना वर्ष.

अहवाल त्याच दिवशी लिहिला, कारण दुसऱ्या दिवशी लिहिला असता तर काही शब्द मऊ केले असते. प्रयोग बाद धरावा, बियातून प्रसार सिद्ध झाला नाही. का बाद धरावा ते लिहिणं भाग होतं. तेही लिहिलं आणि पाठवायच्या आधी छापून घरी आणलं.

जेवताना आईनं विचारलं. "पिवळीं झालीं कां?"

"झाली," मी म्हणाले.

तिनं हात जोडले. माझा चेहरा बघून ते तसेच राहिले. मग मी सगळं सांगितलं. लुगडं, चवळी, दोन दारं, माशा. शक्य तेवढं हळू सांगितलं, तिच्याकडे न बघता.

जोडलेले हात खाली घेऊन ती म्हणाली, "अम्मानें ऐकिटलें कीं मग. मीच मागायला चुकलें. पिवळीं होऊंदे म्हणिटलें. बियांतून होऊंदे म्हणायचें होतें."

मी मान वर केली.

"इतकीं वर्षें ते म्हणायचे माशी आणते, आणि तूं एकटी नाहीं म्हणायचीस," ती पुढे बोलली. "आतां त्यांचें खरें केलें मी. माझ्या हातानें."

तिला सगळं कळत होतं. पहिल्यापासून. परिषदेत हसलेला तो माणूस, पुढच्या फसलेल्या पेरण्या, सगळं. मी जेवताना अर्धवट बोललेलं एकूणएक तिनं आत ठेवून दिलं होतं, आणि मी समजत होते की तिला फक्त पिवळं आणि हिरवं एवढंच कळतं. नाही आई, तसं नाही, असं म्हणावंसं वाटलं, पण तसंच होतं.

तिनं डोळे पुसले आणि समोरच्या कागदाकडे बोट केलं. "त्यांत काय लिहिलेंस? वाच."

मी इंग्रजीतलं मराठीत करून वाचत गेले. तापमान, जाळी, रोपं, डीएनए. मग ते वाक्य आलं. "एक बाहेरची व्यक्ती परवानगीशिवाय आत आल्यामुळे..."

"बाहेरची कोण?"

मी पुढचं वाक्य वाचायला लागले.

"मी बाहेरची?"

"अहवालात तसंच लिहायची पद्धत आहे आई. कोणाचं नाव येऊ नये म्हणून."

"नांव नक्को घालूं. पण बाहेरची म्हणूं नक्को गे." तिचा आवाज फुटला. लुगड्याचं, माशांचं ऐकताना फुटला नव्हता तो आता फुटला. "दुसरें कांहींही लिही."

मी पेन घेतलं आणि तिच्यासमोर ते शब्द खोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुधारलेला अहवाल पाठवला आणि दुपारी विभागप्रमुखांचा फोन आला. पाचव्या पानावर काहीतरी चूक राहिली आहे, म्हणाले, तिथे "माझी आई आत आली" असं छापलं गेलंय. मी म्हणाले, चूक नाही सर, ते तसंच राहू द्या.